फिट्सची औषधे आणि विश्रामबागेतले मेडिकल

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येतात आणि नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही त्या थांबल्या नाहीत. अशा अपस्माराला डॉक्टर औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला तो येतो. सध्या भावाला कार्बामाझेपिन, क्लोबाझम आणि लेव्हेटिरासेटम अशा तीन गोळ्या चालू आहेत. ही सगळी औषधे आम्ही सांगलीत विश्रामबागेतल्या या मेडिकलमधून घेतो.

इथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे न विचारता कंपनी बदलली जात नाही. आधीच्या एका दुकानात "औषध तेच आहे" असे म्हणून दर वेळी वेगळीच स्ट्रिप हातात पडत असे. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये फिट्सच्या औषधांचे तीन गट केले, त्यात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांच्याबाबत रुग्णाला एकाच कंपनीचे औषध द्यावे असे स्पष्ट सांगितले आहे; लेव्हेटिरासेटमबाबत मात्र सहसा तेवढी काळजी लागत नाही. हा फरक इथल्या मालकांना ठाऊक आहे. जुनी रिकामी स्ट्रिप काउंटरवर नव्या स्ट्रिपशेजारी ठेवून ते नाव, मिलिग्रॅम आणि 'सीआर' ही अक्षरे बोट ठेवून जुळवतात, कारण हळूहळू विरघळणारी 'सीआर' गोळी आणि साधी गोळी यांत गल्लत झाली तर रक्तातले औषधाचे प्रमाण बिघडते. स्ट्रिप कापून द्यायची असेल तर मुदतीची तारीख आमच्या तुकड्यावर राहील अशीच कापतात.

मागच्या हिवाळ्यात भावाला खोकला झाला, तेव्हा घराजवळच्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळाले होते. चिठ्ठी पाहताच मालक म्हणाले, "दादा, ही गोळी आत्ता देत नाही, आधी तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावा." या प्रतिजैविकाने कार्बामाझेपिनचे रक्तातले प्रमाण वाढते आणि चक्कर येणे, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे असे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांनी फोनवरच दुसरे औषध सुचवले. आपला गल्ल्यातला पैसा सोडून गिऱ्हाइकाला थांबवणारा दुकानदार मला फार मोठा वाटतो.

उणिवाही आहेत. सवलत ऑनलाइनपेक्षा कमी मिळते आणि रविवारी दुकान बंद असते. संध्याकाळी गर्दीत कामावरची मुले घाईत असतात, म्हणून फिट्सची चिठ्ठी मालकांच्याच हातात द्यावी. क्लोबाझम चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. ही औषधे एकाएकी तुटली तर फिट्स वाढू शकतात, त्यामुळे जत किंवा आटपाडीकडून येणाऱ्यांनी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच फोन करून आपल्याच कंपनीचे औषध बाजूला ठेवायला सांगावे. नसेल तर ते मागवून देतात.