ईडीयू किट: दोन वर्षांच्या वापरानंतर

मी पुण्यात हायड्रावर पीएचडी करते. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा जीव. मधोमध कापला तरी दोन्ही तुकडे पुन्हा अख्खे होतात. कापल्यावर जखमेजवळच्या कुठल्या पेशी कामाला लागतात, हे मला बघायचं होतं. त्यासाठी विभागायच्या तयारीतल्या पेशींवर खूण करावी लागते. त्यातलं पहिलं वर्ष बीआरडीयू या जुन्या खुणेच्या रसायनाशी झगडण्यात गेलं, मग ईडीयूकडे वळले. तुमच्यापैकी कुणी आज त्याच जागी अडकलं असेल, तर हे त्यांच्यासाठी.

बीआरडीयू आणि ईडीयू ही दोन्ही नकली थायमिडीन, म्हणजे डीएनएच्या एका घटकाची नक्कल. पेशी विभागायच्या आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढते, तेव्हा तिला थायमिडीन लागतं. त्याच्यासारखाच दिसणारा रेणू समोर आला की ती तोही उचलते आणि नव्या डीएनएत गुंफते. मग तो नकली रेणू कुठे बसलाय ते शोधायचं. १९५७ साली बाकल्याच्या मुळांवर हे झालं तेव्हा किरणोत्सारी थायमिडीन वापरलं होतं, आणि त्या पद्धतीत फोटोच्या इमल्शनवर ठिपके उमटायला अनेकदा आठवडेच्या आठवडे लागायचे. १९८२ मध्ये बीआरडीयू ओळखून त्यालाच चिकटणारं प्रथिन, म्हणजे मोनोक्लोनल अँटीबॉडी, आली आणि ती वाट बघणं संपलं.

पण त्या अँटीबॉडीला बीआरडीयू दिसावं म्हणून डीएनएचे दोन धागे आधी सोडवावे लागतात. आमच्याकडे ते २ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अर्धा तास ठेवून करत. वीस हायड्रा घेतले की ॲसिडनंतर ट्यूबच्या तळाशी पांढरे धागे दिसायचे. ती तुटून पडलेली टेंटॅकल्स, म्हणजे तोंडाभोवतीचे लांब हात. उरलेलं शरीर पिपेटने उचलताना चुरगळायचं. डीएनए सोडवल्यामुळे डॅपी हा केंद्रकं दाखवणारा रंगही नीट लागायचा नाही, म्हणजे एकूण केंद्रकं किती ते मोजायची सोय गेली. वर अँटीबॉडी केवढी मोठी! अख्ख्या प्राण्यात ती आतपर्यंत मुरायला रात्रभर ठेवा, तरी आतला थर फिकाच.

ईडीयूमध्ये बीआरडीयूतल्या ब्रोमीनच्या जागी एथिनाइलची, म्हणजे दोन कार्बनची, इवलीशी शेपटी असते. अझाइड (तीन नायट्रोजनचा गट) जोडलेला चमकणारा रंग तांब्याच्या मदतीने त्या शेपटीला पक्का चिकटतो. हीच ती क्लिक केमिस्ट्री, जिच्यासाठी बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना २०२२ चं नोबेल मिळालं. पेशी शोधायला ईडीयू वापरण्याची पद्धत सालिक आणि मिचिसन यांनी २००८ मध्ये मांडली. रंगाचा रेणू लहान, त्यामुळे तो दुहेरी डीएनएतही पोचतो. ॲसिड नको, अँटीबॉडी नको.

माझी पद्धत अशी. बारीक ओढलेल्या काचेच्या नळीने ईडीयू हायड्राच्या तोंडातून पोटात सोडते, दोन तास थांबते, २ टक्के युरेथेनमध्ये त्याला सैल होऊ देते, मग पेशी आहेत तशा पक्क्या करायला पॅराफॉर्माल्डिहाइड, रंग आत शिरावा म्हणून ट्रायटन, आणि अंधारात अर्धा तास क्लिकचं मिश्रण. पहिल्यांदा स्लाइड बघितली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. सगळी टेंटॅकल्स जागच्या जागी आणि काळोखी, कारण तिथल्या पेशी विभागणं थांबवून बसलेल्या असतात. धडात मात्र हिरवे ठिपकेच ठिपके. आठ-आठ केंद्रकांचे घोळके एकाच वेळी पेटलेले दिसत होते. डंखपेशी बनवणाऱ्या पेशी जोडलेल्या राहून एकाच तालात विभागतात, हे मी वाचलं होतं. त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं. मॅडमना बोलवायला मी कॉरिडॉरमधून पळत गेले होते.

आता तक्रारी. किटमधली ॲस्कॉर्बेटची पावडर एकदा पाण्यात विरघळवली की ती जपावी लागते. तांब्याला कामाच्या अवस्थेत ठेवणारं तेच. द्रावण तपकिरी झालं की ते सरळ फेका. माझं पिवळसर झालं होतं, मी तसंच वापरलं, आणि आठवड्याची मेहनत कोरी निघाली. मिश्रण आयत्या वेळी, दिलेल्या क्रमानेच बनवा आणि पंधरा मिनिटांत वापरा. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेले प्राणी असतील तर तांब्यामुळे जीएफपी मंदावतं. नंतर जीएफपीची अँटीबॉडी लावून घ्या. पेशीतले ॲक्टिनचे धागे दाखवणारं फॅलॉइडिनही क्लिकच्या आधी लावू नका. हे माहितीपत्रकात असतं, पण शेवटी, बारीक अक्षरात. ज्या वितरकाकडून आम्ही मागवलं त्याने एकदा खोकं शुक्रवारी गेटवर ठेवून दिलं, सोमवारी उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं. तेव्हापासून मी ऑर्डर सोमवारी पोचेल अशीच देते.

जाहिरातीत 'पेशीविभाजन मोजा' असं म्हणतात ते मला पटत नाही. ईडीयू सांगतं ते एवढंच, की त्या दोन तासांत या पेशीने डीएनएची प्रत काढली. हायड्राच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रत काढून झाल्यावर दिवस-दोन दिवसही थांबून राहतात. पेटलेलं केंद्रक म्हणजे आत्ता विभागणारी पेशी असं लिहिलंत तर परीक्षक अडवणारच, आणि बरोबरच अडवतील. विभाजन दाखवायचं तर सोबत फॉस्फो-हिस्टोन एच-थ्रीची, म्हणजे विभागणाऱ्या पेशीत दिसणाऱ्या प्रथिनाच्या खुणेची, अँटीबॉडी लावा. शिवाय ईडीयू डीएनएला इजा करू शकतं, काही पेशी त्याने थबकतात किंवा मरतात. खूण करून दिवसेंदिवस पेशींचा माग काढायचा असेल, तर मात्रा कमी ठेवा आणि खूण न केलेले प्राणी शेजारी वाढवा.

पैशांचं म्हणाल, तर किट महाग आहे. पहिलं किट जरूर घ्या, हात बसतो. नंतर आम्ही ईडीयू आणि अझाइडचा रंग तेवढे विकत घेतले आणि बाकी मिश्रण घरचं केलं: १०० मिलिमोलर ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं बफर), १ मिलिमोलर कॉपर सल्फेट, आणि सगळ्यात शेवटी ताजं १०० मिलिमोलर ॲस्कॉर्बिक ॲसिड. माझ्या स्लाइडवर किटमध्ये आणि यात मला फरक दिसला नाही. ॲस्कॉर्बिक ॲसिडची बाटली आमच्या रसायनांच्या कपाटात आधीपासून होतीच.