पाया एक नंबर, जोत्याच्या भरावात मात्र गंडवलं

परभणीला आमचा प्लॉट, सगळी काळी माती, पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगा, त्यामुळे ठेकेदार ठरवतानाच धाकधूक होती. पण गड्यानं मुरूम लागेपर्यंत साडेसहा फूट खोदलं, खाली पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), सळयांच्या जाळीखाली ५० एमएमचे कव्हर ब्लॉक (जाळी वर उचलून धरणारे ठोकळे), उगं दगडाचे तुकडे सारले नाहीत. इथवर पैकीच्या पैकी. भरावाला मात्र खोदलेली काळी मातीच परत ढकलत होते राव, मी चहा घेऊन गेलो म्हणून दिसलं! भांडून मुरूम टाकून घेतला, थराथरानं पाणी मारून धुमसानं दाबला. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, तर माणूसच नाही, दहा दिवस गोणपाट भिजवायला मी नि बायको. ५ पैकी ३ स्टार, स्लॅबचं अजून ठरवलं नाही.