लेकीचं ट्विन ब्लॉक, 11 महिने झाले, आमचा अनुभव

आम्ही परभणीचे, पण ट्रीटमेंट नांदेडला घेतली, रेल्वेची सोय आहे म्हणून. लेक 11 वर्षांची, वरचे दात पुढं अन् खालचा जबडा मागं, झोपेत सुद्धा ओठ मिटायचे नाहीत. इथल्या एका डेंटिस्टनं सांगितलेलं, सगळे दात येऊ द्या मग तारा लावू, आणि आम्ही वर्षभर गप बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतंय. कारण नांदेडच्या मॅडमनी एक्सरे समोर धरून दाखवलं की हिचा प्रश्न दातापेक्षा जबड्याचा जास्त आहे, अन् जबड्याची ट्रीटमेंट वाढीच्या वयातच करायची असती, मुलींचं ते वय मुलांच्या आधी येऊन जातं.

ट्विन ब्लॉक म्हणजे वर एक खाली एक अशा काढता-घालता येणाऱ्या दोन प्लेटा, त्यावर तिरके ठोकळे, तोंड मिटलं की ठोकळ्यावर ठोकळा घसरून खालचा जबडा पुढं येतो. 1977 मध्ये स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्कनी हे काढलं. वरच्या प्लेटीत मधी स्क्रू असतो, त्यात चावी घालून बाणाच्या दिशेनं पाव फेरा द्यायचा, जबडा पाव मिलिमीटर रुंदावतो. ते काम माझ्याकडं होतं, पहिल्यांदा हात थरथरायला लागला होता.

पहिला आठवडा लई अवघड गेला. 'स' नीट निघंना, उशी लाळेनं ओली, सकाळी जबडा दुखतोय म्हणून रडायली, भाकर चावंना तर दुधात कुस्करून दिली. मग सरावली.

तिसऱ्या महिन्यात डब्याच्या वेळी प्लेट काढून कागदात गुंडाळली अन् कागद गेला कचऱ्यात. पुन्हा माप, पुन्हा पैसे, तीन आठवडे प्लेटीविना. मॅडम रागावल्या नाहीत, लेकीलाच जवळ घेऊन विचारलं, शाळेत कुणी चिडवतंय का बाळा? चिडवायचेच. ते आम्हाला घरी कळलं नव्हतं. तेव्हापासून डबी दप्तरात असते.

शनिवारी मात्र क्लिनिकमधी दोन-दोन तास बसावं लागतं, अपॉइंटमेंट असून सुद्धा, हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे.

वरच्या-खालच्या दातात 9 मिलिमीटर अंतर होतं, आता 3 आहे. दात सरळ करायला पुढं तारा लागणारच, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ज्यांच्या लेकरांना प्लेट बसवायचीय त्यांनी ती गरम पाण्यात धुऊ नका, वाकती, आणि जेवताना सुद्धा तोंडातच राहू द्या.