पार्किन्सन, शुगर आणि अण्णांचा चहा : आठेक महिने शुगर-फ्री वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. गोडव्याच्या गोळीनं अण्णांचं काही बिघडलं नाही. तिच्या डबीनं मात्र घरादाराला वैताग आणला.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय बहात्तर. उभी हयात चादरीच्या मागावर गेली. शुगर जुनी, पार्किन्सन (कंपवात) चारेक वर्षांचा. डॉक्टरांनी चहातली साखर बंद करायला सांगितली. चहाच बंद करा म्हणायची सोलापुरात कुणाची छाती नाही. त्यात पार्किन्सनच्या पुष्कळ पेशंटना गोडाची ओढ वाढते. अण्णांचंही तेच. मग काहीतरी गोड देणं भागच होतं.

पहिल्यांदा अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याच्या गोळ्या आणल्या. बटण दाबलं की एक गोळी पडणार, अशी ती डबी. अण्णांचा उजवा हात कापतो, अंगठ्यात जोर नाही. कधी काहीच पडायचं नाही, कधी तीन पडायच्या, त्यातल्या दोन बशीत आणि एक लुंगीवर. मग स्टीव्हियाचे थेंब आणले. ते त्याहून वाईट. दोन थेंब म्हणता म्हणता सात-आठ पडतात, आणि मागून जी कडसर चव येते त्यावर अण्णांनी दिलेली शिवी इथं लिहिता येत नाही. गोडव्याच्या पुड्या दातानं फाडाव्या लागतात. अशा वस्तू बनवणाऱ्यांनी एकदा कापऱ्या हातात देऊन बघाव्यात.

आता मुख्य भीती. आमच्या एका पाहुण्यांनी फोन करून सांगितलं, "अस्पार्टेम पार्किन्सनला विष आहे, पार्किन्सनची गोळी लागू देत नाही." हे अगदीच हवेतलं नाही, म्हणून मी जरा खोलात गेलो. अस्पार्टेम पोटात फुटलं की त्यातून फेनिलअ‍ॅलनिन निघतं, म्हणजे प्रथिनातलाच एक घटक. पार्किन्सनचं औषध लेवोडोपा (आपल्याकडची सिंडोपा) आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेनं जाते, त्याच वाटेनं हा घटकही जातो. दोघांची रेटारेटी झाली की औषध मागं राहतं. म्हणून तर सिंडोपा जेवणाआधी अर्धा तास घ्या म्हणतात.

पण किती, ते बघायला नको का? आमच्या डबीवर एका गोळीत १८ मिलिग्रॅम अस्पार्टेम लिहिलंय. त्यातून फेनिलअ‍ॅलनिन निघणार फार तर १० मिलिग्रॅम. त्याच कपात पाव वाटी दूध असेल, तर त्यातच ७५-८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे गोळीची धास्ती घेऊन दुधाचा चहा पिण्यात अर्थ नाही. १९९३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात नेमका याच प्रश्नावरचा अभ्यास आला होता. प्रथिनं खाल्ली की ज्यांची हालचाल बिघडते अशाच पेशंटना ६०० आणि १२०० मिलिग्रॅम अस्पार्टेम दिलं, तरी हालचालीत फरक पडला नाही. एवढ्या गोळ्या अण्णा महिन्यातही संपवत नाहीत.

खरा फरक पडला तो दुसरीकडंच. सकाळची सिंडोपा आणि दुधाचा चहा एकदमच जायचा. आईनं गोळी आधी साध्या पाण्याबरोबर द्यायला सुरुवात केली आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानं. अण्णा आता शर्टाची बटणं स्वतः लावतात. शेंगाची चटणी, डाळ, अंडं यांचं वजन रात्रीच्या जेवणाकडं सरकवलं, तेही डॉक्टरांना विचारूनच. प्रथिनं बंद करायची नसतात.

कॅन्सरचं म्हणाल, तर २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अस्पार्टेम २बी गटात टाकलं, म्हणजे ‘शक्यता आहे, पुरावा तोकडा’. आशियाई पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा किलोमागं ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला आमच्या गोळ्या रोज सव्वाशेच्या वर झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात वजन कमी करायला असले गोडवे वापरू नका असंही संघटनेनं सांगितलं, पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही, हे फॉरवर्ड करणारे खुशाल गाळतात.

एक वापरातली गोष्ट: अस्पार्टेम उकळत्या चहात टाकलं की गोडी उडते. गॅस बंद करून, कपात ओतून मग टाकायचं. खिरीला सुकरालोज हा दुसरा गोडवा चालतो, पण तळणीत किंवा भट्टीत नको. आमच्याकडं सध्या सुकरालोजची पावडर आहे, रुंद तोंडाच्या स्टीलच्या डबीत, लांब दांड्याच्या चिमुकल्या चमच्यासकट. हे अण्णांना जमतं.

सगळ्यात मोठा घोळ शुगर-फ्री मिठाईचा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत एका दुकानातून हौसेनं पेढे-बर्फी आणली. गोडवा माल्टिटॉलचा, हे डब्यावर बारीक अक्षरात. अण्णांना बद्धकोष्ठ, म्हणून सकाळी पोट साफ झाल्यावर आईला आधी औषधच सापडल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत जुलाब. पार्किन्सनमध्ये उठताना बीपी तसंही घसरतं, त्यात अंगातलं पाणी गेलं की माणूस धाडकन पडू शकतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर असल्या मिठाईच्या वाटेला जाऊच नका. मॅनिटॉलही याच जातीचं. २०१३ साली इस्रायलमध्ये माशा-उंदरांवर ते गुणकारी दिसलं म्हणून ‘पार्किन्सनवर गोड औषध’ असे मेसेज फिरतात. माशी वेगळी आणि अण्णा वेगळे.

आणि हे मात्र नीट वाचा. शुगर-फ्री आलं म्हणून घरातली साखर संपवू नका. एकदा संध्याकाळी अण्णांचा हात जास्तच कापायला लागला, अंगाला घाम सुटला. सिंडोपाचा असर उतरला की असंच दिसतं. आईनं तरी बोट टोचून बघितलं, तर शुगर साठीच्या खाली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, तेव्हा वर आली होती. अशा वेळी शुगर-फ्रीचा चहा काही कामाचा नाही, त्यानं शुगर वर येतच नाही. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे घरातल्या सगळ्यांना, अगदी कामवाल्या मावशींनाही, माहीत पाहिजे. आमच्याकडं ग्लुकोमीटर आणि साखरेची बरणी आता एकाच फळीवर आहेत.

गुण द्यायचे तर पावडरीला पाचपैकी चार, अस्पार्टेमच्या गोळीला साडेतीन, तिच्या डबीला शून्य, थेंबांना एक. शेंगापोळीला गूळच लागतो. संक्रांतीला अण्णा अर्धी खातात आणि भाकरी तेवढी कमी घेतात.