आईचं अ‍ॅसिडिटीचं दुसरं ऑपरेशन, रोबोटने केलं – पाच महिन्यांनंतरचा अनुभव

पहिलं ऑपरेशन फेल गेलंय आणि आता परत करायचं की नाही या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत काहीच सापडलं नव्हतं.

आई 61 वर्षांची. 2016 ला दुर्बिणीने हायटस हर्नियाचं (जठराचा वरचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्यातून वर सरकतो, त्याचं) ऑपरेशन झालं होतं, चार वर्षं छान गेली आणि मग परत सगळं सुरू, करपट ढेकर, रात्री आंबट पाणी घशाशी, सकाळी आवाज बसलेला. पॅन फोर्टी ही अ‍ॅसिडिटीची गोळी दोन वेळा घेऊनही फरक नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या होत्या, त्यावर तीन उशा, तरी दोन वाजता उठून खुर्चीत बसायची बिचारी.

यावेळी पुण्यात दाखवलं. डॉक्टरांची आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी ऑपरेशनचं नाव काढायच्या आधी सगळ्या टेस्ट करून घेतल्या. एंडोस्कोपी, बेरियमचं पांढरं पाणी पाजून एक्सरे, नाकातून नळी घालून मॅनोमेट्री (अन्ननलिका किती जोराने ढकलते ते मोजतात, पाण्याचे छोटे घोट गिळायला लावतात, त्रासदायक आहे पण पंधरा-वीस मिनिटांत संपतं) आणि 24 तासांची पीएच टेस्ट (अन्ननलिकेत आम्ल किती वर येतं ते बघतात), त्यात कमरेला डबी असते आणि जळजळ झाली की बटण दाबायचं. पहिल्या वेळी मॅनोमेट्री केलीच नव्हती आणि याचा मला अजून राग आहे, कारण आईची अन्ननलिका अन्न खाली ढकलायला जरा कमजोर आहे हे त्यातच कळलं. आधी जठराचा वरचा भाग पूर्ण 360 अंशात गुंडाळला होता, तो रॅप (गुंडाळी) सरकून पडद्यातून छातीत गेलेला. म्हणून आता तो सोडवून, कमजोर अन्ननलिकेला अडथळा कमी व्हावा यासाठी मागून 270 अंशाचाच करायचं ठरलं.

रोबोट म्हणजे मशीन आपोआप कापतं असं आईला वाटत होतं, दोन दिवस ती नाहीच म्हणत होती. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "काकू, हात माझेच आहेत, मी त्याच खोलीत कन्सोलवर बसून ते चालवतो." आणि हेही स्पष्ट सांगितलं की जठर गुंडाळायची ही पद्धत मुळात निसेन या सर्जननी 1956 साली मांडलेलीच, रोबोटमुळे ती नवीन होत नाही, आणि दुसऱ्यांदा केल्यावर पहिल्याइतका चांगला रिझल्ट येईलच असं नाही. इतकं खरं बोलणारा डॉक्टर मिळाला म्हणून आम्ही हो म्हटलं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. नंतर त्यांनी व्हिडिओ दाखवला. लिव्हरची खालची बाजू जुन्या रॅपला इतकी चिकटली होती की कुठलं काय ते आम्हाला कळेना, आणि ते एक एक पापुद्रा सोडवत होते, कांद्याची पात सोलावी तसं, मधेच थांबून "ही व्हेगस नर्व्ह, हिला धक्का लागला तर जठर नीट रिकामं होत नाही" असं दाखवत होते. तिथे मला पटलं की पैसे कशाचे दिले, मोठं करून दिसणारं थ्रीडी चित्र आणि मनगटासारखी वळणारी हत्यारं. पहिल्याच वेळी ऑपरेशन असेल तर साधी दुर्बीण पुरेशी आहे, असं तेच म्हणाले.

खर्चाचं मात्र बघून घ्या. रोबोटचे साधारण दीड लाख जास्त लागले. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2019 च्या नियमांमुळे रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून सरळ वगळता येत नाही पण कंपनी लिमिट लावू शकते, आमच्या पॉलिसीत 50 टक्केच होतं आणि ते आम्हाला अ‍ॅडमिट झाल्यावर कळलं. विमा डेस्कवर कुणी आधी बोललं नाही, त्या दिवशी फार धावपळ झाली.

पोटावर पाच बारीक छेद, दुसऱ्या दिवशी औषध पाजून एक्सरे, गळती नाही बघून पाणी दिलं, चौथ्या दिवशी घरी. मग सहा आठवडे पेज, पातळ मुगाची खिचडी, गाळलेलं वरण, चमच्या-चमच्याने. भाकरी बंद, सोडा बंद, जड उचलायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने न सांगता पोळीचा तुकडा खाल्ला आणि छातीत अडकला, अर्धा तास आम्ही सगळे घामाघूम, मग आपोआप उतरला.

आता पाच महिने झाले. एका उशीवर आडवी झोपते, गोळी बंद आहे, विटा काढल्यात. पोट फुगतं आणि ढेकर नीट येत नाही, ते अजून आहे. पुढच्या महिन्यात एंडोस्कोपी आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकते.