नाजूक कर्सिव्ह की ब्रश स्क्रिप्ट?

दोन्ही फॉन्ट हस्ताक्षराचेच, पण हात वेगळा. नाजूक कर्सिव्हमध्ये बारीक टोकाच्या पेनाची एकसारखी रेघ असते. ब्रश स्क्रिप्टमध्ये कुंचल्याचा दाब दिसतो, रेघ कुठे जाड तर कुठे निमुळती. रॉबर्ट स्मिथ यांचा १९४२चा ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा त्यातला बहुधा सर्वांत ओळखीचा.

लग्नपत्रिकेवरची नावं, फोटोवरची सही, अत्तराच्या बाटलीचं लेबल, इथे कर्सिव्हला तोड नाही. मात्र आकार उतरला की तो मान टाकतो. आठ-नऊ पॉइंटला केसाएवढ्या रेघा छपाईत तुटतात. गडद रंगात पांढरी अक्षरं सोडली असतील तर शाई आत पसरून ती बुजतातच. पोस्टर, फलक, टी-शर्टसाठी सरळ ब्रश घ्यावा. परिच्छेदभर मजकूर दोन्हींत नको.

सगळं कॅपिटलमध्ये लिहू नये, अक्षरांतलं अंतरही वाढवू नये (हौशी डिझायनर हे हमखास करतात), एकमेकांना जोडलेल्या अक्षरांचे जोड सुटतात. कर्सिव्ह घेण्याआधी इंग्रजी ‘ओ’पुढे ‘आर’ टाइप करून पाहा. ‘ओ’चा जोड वरून निघतो, आणि घाईत केलेला फॉन्ट नेमका तिथे अडखळतो. नीट बांधलेल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये (एकाच अक्षराची अनेक रूपं सामावू शकणारा फॉन्टचा प्रकार) त्या जागी पर्यायी अक्षर आपोआप येतं.