'शकुंतलेचा खरा आवाज' विकणाऱ्यापासून सावध राहा

मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या विदर्भातल्या मित्रांसाठी हे लिहितोय. 'शकुंतलेचा ओरिजिनल आवाज टाकलेलं इंजिन' अशी जाहिरात करणारा एक विक्रेता सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यानं मला फसवलं, दारव्ह्याकडच्या आणखी एकालाही.

आमच्याकडे शकुंतलेची, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या जुन्या नॅरोगेज गाडीची, ओळख करून द्यावी लागत नाही. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. ती शिट्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तोच आवाज घरच्या रुळावर मिळेल म्हटलं की त्याचा जीव अडकतोच. या माणसाचा सगळा धंदा त्यावरच चाललाय, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

त्यानं सांगितलं, इंजिन एचओ स्केलचं (खऱ्याच्या १/८७ आकाराचं), आत लोकसाउंड कंपनीछाप डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम ऐकून इंजिन, दिवे आणि आवाज चालवणारी चिप, आणि त्यात शकुंतलेचा आवाज भरलेला. लोकसाउंडमध्ये कॉम्प्युटरवरून आवाज बदलता येतात हे खरं आहे, त्यामुळे बोलणं पटण्यासारखंच होतं. व्हिडिओत इंजिन धावत होतं, शिट्टी वाजत होती. कंट्रोलर मात्र कुठेच दिसत नव्हता. कापसाच्या चुकाऱ्यातून निम्मे पैसे आगाऊ दिले, उरलेले पार्सल निघण्याआधी.

आलेलं इंजिन पत्ता ३ वर (कंट्रोलरवर इंजिन निवडायचा क्रमांक) चाललं, कंट्रोलरचं एफ ० बटण दाबल्यावर दिवाही लागला. एफ १ दाबल्यावर भकभक सुरू झाली, पण इंजिन मुंगीच्या चालीनं न्या की पूर्ण वेगानं, भकभकीचा ठेका तोच. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार भपके निघतात. खरा साउंड डिकोडर ते चाकाशी जुळवतो. वेग वाढला की भपके जवळ येतात, चढावर जड होतात. शिट्टीचंही तसंच. तिचे सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तुकडे असतात, म्हणून बटण दाबून धरलं की ती लांबते, सोडलं की संपते. इथे एफ २ दाबून काहीच होईना. शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये जिथे होती तिथे आपोआप वाजायची.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचायच्या वेगळ्या रुळावर, सीव्ही ८ ही सेटिंग वाचली. तिच्यात डिकोडर बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो: लोकसाउंडवाल्या ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, साउंडट्रॅक्सचा १४१. माझ्याकडे यातला एकही आला नाही. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) उघडलं आणि म्हणाला, "भाऊ, हे तं वाढदिवसाच्या कार्डात वाजते ना, तसली चिप हाय." एका साध्या, बिनआवाजाच्या डिकोडरच्या एफ १ च्या तारेवर ती जोडलेली होती.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या खेड्यातल्या व्होल्टेजनं डिकोडर जळला असेल." हे धादांत खोटं आहे. घरची वीज थेट इंजिनात जात नाही. आधी अ‍ॅडॉप्टर, मग कमांड स्टेशन (कंट्रोलरचे हुकूम रुळावर पाठवणारा डबा), मग रूळ. माझी बाकीची इंजिनं त्याच रुळावर ठणठणीत चालतात. आणि जळलेला डिकोडर दर वेळी तीच क्लिप पहिल्यापासून कशी वाजवेल?

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. कंट्रोलर आणि इंजिन एकाच चौकटीत दिसू द्या, आणि काय करायचं ते तुम्ही सांगा: हळू ने, थांबव, शिट्टी लांब वाजव, मध्येच तोड, सीव्ही ८ वाचून स्क्रीन दाखव. यात जो टाळाटाळ करतो, त्याला रुपयाही देऊ नका.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. माझी तक्रार यवतमाळला दाखल आहे.

त्याचा दुसरा डाव म्हणजे 'रिप्रोग्रॅमिंग करून देतो, इंजिन आणि थोडा खर्च पाठवा'. दारव्ह्याच्या त्या मित्रानं पाठवलं, नंतर फोन बंद. इंजिन हाच आपला पुरावा आहे, तो हातचा सोडू नका.